वरची रेघ

कारखान्यात माझा मुलगा मला मॅडम म्हणतो. घरी "आई, माझे मोजे कुठेत?" आणि इथे "मॅडम, तपासणी झाली का?" पहिल्या दिवशी हसू आलं होतं. आता हसायचंही जिवावर येतं.

दवाखान्यात अवजारं वाफेवर निर्जंतुक करायची भांडी असतात ना, त्यांची सुरक्षेची बुचं आम्ही बनवतो. पितळी स्क्रूला आरपार भोक, त्यात कथील आणि बिस्मथचा मिश्रधातू. भांडं फाजील तापलं की धातू वितळून उडायचा, वाफ सुटायची आणि शेजारी उभी असलेली नर्स वाचायची. एवढंच त्या बुचाचं काम. ते पास करणारी सही माझी.

यंदा बिस्मथ महागलं आणि आमच्या चिरंजीवांना उपाय सुचला. नवी नोकरी, कायम झाल्याचं पत्र मालकांच्या टेबलावर तयार, मग काय, स्वारी हवेत! मालकांना माझ्या खोलीतल्या आलेखापाशी घेऊन आला. "ही आडवी रेघ बघा साहेब. एकशे एकोणचाळीस अंश. बिस्मथ सत्तावन्न टक्के घाला नाहीतर तीस, रेघ तीच. मग जास्त घालायचं कशाला?"

मालक खूश. "बाई, पोरगा तुमच्यावर गेलाय हो," म्हणाले.

कप्पाळ माझं. तो आलेख मीच काढलेला. एकेक मिश्रण वितळवायचं आणि निवताना तापमान टिपत बसायचं. निवणं जिथे मंदावतं तिथे वरचा ठिपका, जिथे पारा पार थबकतो तिथे खालचा. खालचे ठिपके जोडले की ती आडवी रेघ. वरचे जोडले की दोन्ही बाजूंनी उतरत येणारी दुसरी रेघ, सत्तावन्नावर खालचीला येऊन टेकणारी. खालच्या रेघेवर धातू वितळायला लागतो, वरच्या रेघेवर पुरता वितळून होतो. सत्तावन्नाला दोन्ही एकदमच. तीसला मात्र मध्ये चाळीसेक अंशांचं अंतर, आणि तेवढ्यात भांडं फुटू शकतं.

हे सगळं रात्री जेवताना त्याला सांगितलं. "अगं आई, वितळायला लागलं म्हणजे वितळलंच की!" म्हणाला आणि ताट उचलून गेला. वाद घालायचं त्राण माझ्यात नव्हतं. म्हटलं, उद्या बूचच बोलेल.

सकाळी तेलाच्या भांड्यात चाचणी लावली. आधी जुनं बूच. मागून हवेचा दाब दिला, तापमानाचा काटा एकशे एकोणचाळीसला पोचला आणि फट्! धातू तेलात. मग त्याचं नवीन, तीस टक्क्यांचं बूच. काटा तिथेच आला आणि भोकातून एक चकचकीत थेंब डोकावला.

"वितळलं!" तो ओरडला.

"थांब जरा."

थेंब गळला, त्यामागून काही आलं नाही. एकशे पन्नास. एकशे साठ. आतला पाव भाग पातळ झाला होता, बाकीचं बर्फाच्या चुऱ्यासारखं एकमेकांना धरून बसलेलं. एकशे सत्तर. पोराचा चेहरा पांढराफटक. शेवटी त्यानेच हात लांब करून शेगडी बंद केली.

तेवढ्यात मालक दारात. "काय बाई, वितळलं ना एकशे एकोणचाळीसला? सही करा, माल चढवायचाय."

हो म्हटलं असतं तर खोटंही ठरलं नसतं. वितळलं तर होतंच. माझ्या डोळ्यांपुढे ते कायम झाल्याचं पत्र आलं, ते वाचून शेजारणीला सांगायला धावणारी माझी सासू आली. हातात पेन होतं. खूप दमले होते हो मी. मी तोंड उघडलं.

"नाही साहेब," मुलगा म्हणाला. "वितळायला लागतं, पण सुटत नाही. माझी चूक झाली. मी आलेखातली खालचीच रेघ बघितली."

मालकांनी बुचाकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. "जुनंच चालू ठेवा," म्हणाले. "आणि तुमचं कायम व्हायचं आता पुढच्या वर्षी बघू."

संध्याकाळी बसथांब्यापर्यंत आम्ही दोघं चालत निघालो. पोराचे खांदे पडलेले. मला त्याला जवळ घ्यावंसं वाटत होतं, आणि त्याच्याकडे वर बघायचीही लाज वाटत होती.

"आई," थांबा दिसायला लागल्यावर तो म्हणाला, "मालकांनी विचारलं तेव्हा तू काय सांगणार होतीस?"

"खरं सांगू?"

त्याने क्षणभर माझ्याकडे पाहिलं.

"नको," म्हणाला, आणि माझ्या खांद्यावरची पिशवी काढून स्वतःच्या खांद्याला लावली.