उजव्या कोनाड्यातलं कपाट

साडूच्या घरी खिडकीच्या दोन्ही बाजूंना एकसारखे कोनाडे आहेत. त्यातल्या डाव्या कोनाड्यात त्याने स्वतःच्या हाताने लाकडी कपाट बसवलं, आणि तेव्हापासून बायकोने माझं डोकं खाल्लं. "एक खिळा नाही हो त्यात! फळ्या नुसत्या खाचेत बसवल्यात." माझ्या पोटात दुखायला लागलं. त्या मेल्याकडे सल्ला मागायला माझं खेटर अडलंय! कौतुक करायच्या मिषाने मी त्या कपाटाचं माप गुपचूप टेपने घेऊन आलो.

महिनाभर करवत चालवली, बोटं सोलवटून घेतली. कपाट झालं, तेही साडूच्यापेक्षा गुळगुळीत. आमच्या कोनाड्यात लावायला गेलो, तर ते आतच जाईना. आमची भिंत मोजायचं मला सुचलंच नव्हतं.

बायको हसून हसून लोळली. "ताईकडचा उजवा कोनाडा रिकामाच आहे की," म्हणाली, आणि तिने टेम्पो बोलावला. तिथे ते असं फिट्ट बसलं, की फटीत कागदसुद्धा जाईना.

परवा त्यांच्याकडे पाहुणे आले होते. मीही तिथेच बसलो होतो. "दोन्ही तुम्हीच केलीत? उजवं जास्त सुबक झालंय हं!"

"हात बसत गेला हळूहळू," माझ्याकडे न बघता साडू म्हणाला.