पुढे काय वाचू?

एनिड पास्कोच्या दुकानात दोन तऱ्हेची पुस्तकं होती. दाराशी मांडलेली चकचकीत पुस्तकं उन्हाळ्यात येणाऱ्या पाहुण्यांसाठी. प्रियकर वश करा, मेणबत्ती लावून नशीब पालटा, असला सगळा मसाला. दुकान चालायचं ते त्यांच्याच जिवावर, पण ती विकताना एनिड असं तोंड करायची, जणू शिळा मासा बांधून देतेय. खरी पुस्तकं मागच्या कपाटात असत. तिथवर कोणी आलंच, तर ती आधी त्या माणसाला नीट न्याहाळी आणि मगच ठरवी, याच्या हातात काय द्यायचं.

केरेन्झाला तिने पहिल्याच दिवशी मागे नेलं होतं. पोरगी बंदरावरच्या पेस्टीच्या, म्हणजे कांदा-बटाटा-मांस भरून भाजलेल्या मोठ्या करंज्यांच्या, दुकानात कामाला, हातांना कायम कांद्याचा वास. आली ती सरळ म्हणाली, "मिसेस पास्को, मला विक्काबद्दल शिकायचंय. सुरुवात कशाने करू?" विक्का म्हणजे चंद्र आणि ऋतूंना पूजणारा चेटकिणींचा धर्म. प्रेमाचा मंत्र नको, शेजारणीला शाप नको. एनिडला बरं वाटलं. तिने वर्षाच्या आठ सणांवरचं एक पातळसं पुस्तक काढून दिलं.

"हे वाच. आणि नुसती वाचत बसू नकोस, बाहेर जाऊन चंद्र बघत जा."

पुढच्या महिन्यात केरेन्झा परत हजर. "वाचलं. पुढे काय वाचू?"

हे वर्षानुवर्षं चाललं. झाडपाल्याचं झालं, एकट्याने करायच्या पूजेचं झालं. मग एनिडने इतिहासाचं विटेएवढं पुस्तक दिलं. आपला धर्म आपण सांगतो तेवढा जुना नाही, असं त्यात स्पष्ट लिहिलेलं होतं. ते वाचून भलेभले गळत. एनिड ते मुद्दाम द्यायची; जो त्यानंतरही येतो, तोच खरा. केरेन्झा त्यानंतरही आली.

एनिड स्वतः चेटकीण होती. लोक पोस्टात होतो म्हणून सांगतात, तितक्या सहज ती हे सांगायची. गावामागच्या टेकडीवर पौर्णिमेला जमणारं त्यांचं मंडळ एके काळी चांगलं भरलेलं होतं. काही वारले, काही मुलांकडे राहायला गेले. आता ती आणि म्हातारा डेन्झिल, दोघंच उरली होती. या मार्गातली दीक्षा कोणत्याही पुस्तकातून मिळत नाही. ज्याला मिळाली आहे त्याने ती दुसऱ्याला द्यावी लागते, हातातून हातात. आणि त्या उन्हाळ्यात डॉक्टरांनी एनिडला सांगितलं होतं, पुढचा वसंत दिसेलच असं धरून चालू नका. मरणाचं तिला फारसं काही वाटलं नाही. पण आपल्याबरोबर हे सगळं मातीत जाणार, हे तिला सोसवत नव्हतं.

डेन्झिल रोज चहाला येऊन तेच टुमणं लावायचा.

"अगं बाई, त्या पोरीला एकदा विचारून तर बघ!"

"आपण विचारत नाही. नियम ठाऊक आहे ना तुला?"

"नियम पाळता पाळता आपण दोघंच उरलोय. आता मी काय धक्क्यावरच्या सीगलना दीक्षा देऊ?"

"तिला यायचं असेल तर मागेल ती."

"आणि नाही मागितलं तर?"

एनिड त्याच्या कपात आणखी चहा ओतायची. मंडळात यायचं तर माणसाने स्वतःच्या तोंडाने मागायचं, असा नियमच होता. बोलवायचं नाही, सुचवायचं नाही, आडून आडूनही नाही. पोरांना नादी लावतात म्हणून लोक यांच्या खिडक्यांवर दगड मारायचे, त्या दिवसांतला हा शहाणपणा. एनिडच्या गुरूने तो तिच्या हाडीमाशी मुरवला होता. रडल्याशिवाय आईसुद्धा दूध पाजत नाही म्हणतात, ते इथे तंतोतंत खरं होतं.

ऑक्टोबर सरत आला तेव्हा एनिडने दुकान कायमचं बंद होत असल्याची पाटी दारावर लावली. पाटी वाचूनच केरेन्झा दुपारी आत आली. तिने शेवटचं नेलेलं पुस्तक छातीशी धरलं होतं.

"हे झालं," ती म्हणाली. "पुढे काय वाचू?"

"पुढे काही नाही, पोरी. माझ्याकडे होतं ते सगळं तुझं वाचून झालं."

"सगळं?"

"सगळं."

आता माग, एनिड मनात म्हणाली. अगं, आता तरी माग. तिने काउंटरची कड घट्ट धरली होती. केरेन्झाने रिकाम्या कपाटाकडे पाहिलं आणि मफलर गुंडाळला.

"खूप केलंत माझ्यासाठी. येते मी."

दारापर्यंत जाऊन ती थांबली.

"एक सांगू? रागावू नका. मला वाचायला आवडत नाही."

"काय?"

"अजिबात आवडत नाही. अक्षरं नाचतात माझ्यासमोर. शाळाही त्यापायीच सोडली. त्या इतिहासाच्या पुस्तकाला तर मी ओळीखाली बोट ठेवून ठेवून अख्खा हिवाळा घालवला."

"मग वाचत कशाला होतीस, वेडे?"

"तुम्ही बोलवाल म्हणून!" केरेन्झाचा आवाज चिरकला. "प्रत्येक पुस्तक संपलं की वाटायचं, आता म्हणतील, पुरे झालं, ये आत. आणि तुम्ही हसून आणखी एक हातात ठेवायचात. आमची आजी पक्की चॅपलवाली, प्रार्थनाघराच्या कडक शिस्तीतली. दुसऱ्याच्या घरी काही मागायचं नाही, वाढतील तेव्हाच घ्यायचं, हे तिने आम्हाला चिमटे काढून शिकवलंय. मला वाटलं, मी अजून कमी पडतेय."

एनिड स्टुलावर बसली. पोरगी दर पुस्तकागणिक येऊन मागतच होती. आणि आपण दर वेळी तिला परत पाठवत होतो, तेही तिचं भलं करतोय असं समजून. तिला स्वतःची लाज वाटली. ज्याला हवं आहे त्याने मागावं, एवढाच तर नियम. तो फक्त दाराबाहेरच्याला लागू आहे, असं तिने आजवर धरून ठेवलं होतं. आज या दुकानात सगळ्यात जास्त गरज कोणाला आहे, हे तिला लख्ख कळलं.

ती उठून उभी राहिली. मागणाऱ्याने उभं राहूनच मागायचं असतं.

"केरेन्झा, माझे फार दिवस उरलेले नाहीत. जे मला मिळालं ते घ्यायला माझ्यामागे कोणी नाही. तू घेशील का? मी मागतेय तुझ्याकडे."

केरेन्झा रडू लागली. बाहीने नाक पुसत म्हणाली, "पुस्तकात लिहिलंय, पूर्ण प्रेम आणि पूर्ण विश्वास घेऊन आत यायचं. आणि मला आत्ता तुमचा इतका राग आलाय, मिसेस पास्को, इतका!"

"असणारच."

"मग तो उतरल्यावर येऊ?"

"तेवढा वेळ नाही माझ्याकडे," एनिड म्हणाली. "तसाच घेऊन ये."