एप्रिलपर्यंतचं सौंदर्य

आमच्या जामखेड तालुक्यात पाणी सोडून सगळं वरून येतं. गेल्या जूनमध्ये वरून सौंदर्य आलं.

नगरच्या एका सभागृहात आम्हा दोनशे मास्तरांना बोलावलं होतं. पुण्याच्या कुठल्याशा प्रतिष्ठानच्या बाई होत्या. आवाज इतका मऊ, की मागच्या चार रांगा पहिल्या दहा मिनिटांत गाढ झोपल्या. देव देवळात शोधू नका, बाई म्हणाल्या, रोजच्या साध्या क्षणातलं सौंदर्य टिपा, हीच खरी साधना. मग प्रत्येकाच्या हातावर एकेक शेंगदाणा ठेवला आणि तो पाच मिनिटं चावायला सांगितला. माझ्या शेजारचे गुरुजी म्हणाले, "एवढ्या वेळात मी पावशेर संपवतो."

इथवर ठीक होतं. शेंगदाणा फुकट होता. पण शेवटी बाईंनी नोंदवही काढली. दिनांक, वेळ, टिपलेले सौंदर्य, अंतर्मनात झालेला बदल, असे चार रकाने. शाळेच्या प्रत्येक दिवशी एक नोंद आणि वर्षाच्या शेवटी तपासणी. साधनेची तपासणी! आमच्या गावच्या मारुतीनं आजवर कुणाची हजेरी घेतलेली नाही, पण मारुतीला प्रतिष्ठान नाही.

मी गहिनीनाथ, वस्तीवरच्या दोनशिक्षकी शाळेचा मुख्याध्यापक. सव्वीस वर्षांच्या नोकरीत मला एक कला साध्य झाली आहे, ती म्हणजे आगाऊ रजिस्टर भरणं. नवशिक्या मास्तर एकाच पेनानं एका बैठकीत वर्ष उरकतो आणि पकडला जातो. मी तीन पेनं वापरतो. एकाची शाई मध्येच संपवतो. दोन पानांवर चहाचा कप टेकवतो. महिन्यातून एकदा खाडाखोड करतो, कारण खाडाखोड नसलेल्या रजिस्टरचा साहेब लोकांना संशय येतो.

जून ते दिवाळी मी सौंदर्याची एकही ओळ लिहिली नव्हती. सुट्टी संपल्यावर ठरवलं, एका आठवड्यात मागचंही उरकायचं आणि पुढचंही, एकदम एप्रिलअखेरपर्यंत. पहिल्या दिवशी हात छान चालला. सात सूर्योदय, अकरा सूर्यास्त, चार फुलपाखरं. दवबिंदूही टाकले, आमच्या माळावर दव बघायला कोण येतंय! चौथ्या रकान्यात पहिल्या ओळीत लिहिलं, 'मन प्रसन्न झाले', आणि खाली एप्रिलपर्यंत 'वरीलप्रमाणे'च्या खुणा ओढल्या.

दुसऱ्या दिवशी सौंदर्य संपलं. निसर्गात एवढंच असतं हे मला माहीत नव्हतं. पेन चावत खिडकीबाहेर बघत बसलो. समोर खिचडीची शेड आणि शेडमध्ये साळूबाई. त्या सगळ्या आवारात हलणारी तेवढी एकच वस्तू होती, म्हणून तिच्याबद्दल लिहायला लागलो.

साळूबाई नऊ वर्षं आमच्या पोरांची खिचडी शिजवते. नवरा, मुलगा आणि सून दसऱ्यानंतर कोयता घेऊन ऊसतोडीला जातात ते उन्हाळ्यात परततात. तिची नात, नाव संस्कृती, आमच्याकडं तिसरीत आहे. तिची शाळा सुटू नये म्हणून आजी या खिचडीवर मागं राहिली. हे काम गेलं की आजीलाही कोयता घ्यावा लागणार आणि नातही उसाच्या फडात जाणार, हे अख्ख्या वस्तीला ठाऊक होतं.

तर आठवडाभर मी रोज खिचडीच्या वेळी खिडकीशी बसलो. बाई जे करील ते लिहायचं आणि पुढची एखादी तारीख टाकायची. अर्धा किलो डाळ ती पस्तीस पोरांना पुरवते, तशी मी एका आठवड्याची साळूबाई पाच महिन्यांना पुरवली. शनिवारी नोंदवही बंद केली आणि स्वतःवरच खूश झालो.

एक वही मात्र मी कधीच आगाऊ भरत नाही. साळूबाईची हजेरी. तिच्या महिन्याभराच्या सह्या मी शेवटच्या तारखेला एकदम घेतो. ती माझी पद्धतच आहे.

बावीस जानेवारीला विस्तार अधिकारी आले, तेव्हा जानेवारीचं पान कोरं करकरीत होतं.

तक्रार आमच्या शाळा समितीच्या अध्यक्षांची होती. भिमाजी तात्या. साळूबाई सहा ते अठरा जानेवारी कामावर नव्हती, तिला काढून तात्यांच्या पुतणसुनेला, पंकजाला घ्यावं, असा अर्ज. पंकजाही आली होती, डोक्यावर पदर घेऊन दाराशी उभी. बोलत काहीच नव्हती. तिच्या वाटणीचं तात्या बोलत होते.

"मी कुटं गेल्ते वो?" साळूबाई म्हणाली. "रोज चूल पेटली हाय माजी."

"चूल पेटली, पन ती आमच्या पंकजानं पेटवली," तात्या म्हणाले. "फुकटात. समाजसेवा म्हनून."

तात्यांच्या घरात समाजसेवा निघाल्याचं मला नवीनच होतं. साहेबांनी माझ्याकडं बघितलं. मी म्हणालो, साळूबाई रोज हजर होती. साहेब म्हणाले, "तोंडी नको. हजेरी दाखवा." मी दाखवली. कोऱ्या कागदावर जेवढं दिसतं तेवढं त्यांना दिसलं. साळूबाईनंही ते पान बघितलं आणि मग माझ्याकडं बघितलं. रागानं बघितलं असतं तर बरं झालं असतं.

तेवढ्यात आमच्या स्नेहल मॅडमना स्फुरण चढलं. नोकरीला दोनच वर्षं झालीत, अजून कागदावर विश्वास आहे. "सर, गुरुजींची सौंदर्याची नोंदवही आहे ना! त्यात सगळं तारखेवार असेल," असं म्हणून त्यांनी कपाटातून ती काढली आणि साहेबांपुढं ठेवली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते असं, फक्त हात दुसऱ्याचा होता.

साहेब मोठ्यानं वाचायला लागले.

"सात जानेवारी, दुपारी एक पन्नास. साळूबाईंनी पातेलं राखेनं घासलं, त्याच्या बुडात तोंड बघितलं आणि कुंकू सारखं केलं."

साहेबांनी पान जरा जवळ धरलं.

"नऊ जानेवारी. झाकण काढताच वाफेनं चष्मा पांढरा झाला. पुसला नाही. तशाच पळी फिरवत राहिल्या, एक शीत सांडलं नाही. तेरा जानेवारी. पहिला घास चुलीत टाकला आणि चुलीला म्हणाल्या, आज लाकडं वली हाईत, संबाळून घे. सोळा जानेवारी. नातीनं आणखी खिचडी मागितली. रांगेत मागं जा म्हणाल्या. नात मागं गेली."

तात्यांचं तोंड उघडंच राहिलं होतं. साळूबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत खाली बघत होती. मग हळूच स्नेहल मॅडमना म्हणाली, "आवं, मी असं करते व्हय?"

खरं सांगतो, मला अभिमान वाटला. सव्वीस वर्षांत माझं रजिस्टर पहिल्यांदाच कुणाच्या तरी कामी येत होतं. ही गोड भावना साधारण अर्धा मिनिट टिकली. मग साहेबांनी बोट ओलं करून पान उलटलं. आणखी एक उलटलं. मग एकदम दहा.

"गुरुजी, आज तारीख काय?"

"बावीस जानेवारी, साहेब."

"मग पाच मार्चला वर्गात जे फुलपाखरू शिरलं, ते आत्ता कुठवर आलंय?"

मॅडम भिंतीकडं बघायला लागल्या. तात्यांच्या तोंडावर उजेड पडला. "बगा! म्हंजी समदं खोटं!"

मला बरीच उत्तरं येत होती. चुकून पानं उलटसुलट लागली, नमुना म्हणून लिहिलं, वगैरे. या कामात मी मुरलेला माणूस आहे. पण साळूबाई अजून खाली बघत होती, आणि माझ्या एका खोट्या वाक्यानं ती सरळ उसाच्या फडात जाणार होती. तीही आणि ती तिसरीतली पोरगीही.

"साहेब, तारखा खोट्या आहेत," मी म्हणालो. "बाई खरी आहे. मी आठवडाभर खिडकीतून बघून लिहिलंय सगळं."

साहेबांनी माझ्याकडं बघितलं. त्यांनीही कधीतरी शाळेवर काढली असतील वर्षं, असली रजिस्टरं भरली असतील. नजर ओळखीची होती. मग त्यांनी आजचं पान काढलं, मनातल्या मनात वाचलं आणि वही माझ्याकडं सरकवली. आजची नोंद अजून घडायची होती. वेळ अकरा चाळीस. 'फोडणीआधी साळूबाईंनी कढीपत्त्याच्या झाडाला "घेते गं बाई" असं विचारून एक डहाळी तोडली.'

घड्याळात साडेअकरा होऊन गेले होते.

"मावशी, चौकशी चालू राहील," साहेब म्हणाले. "पोरं उपाशी नकोत. तुम्ही तुमचं काम करा."

ती गेली. आम्ही सगळे त्या एका खिडकीशी दाटीवाटीनं उभे राहिलो. शासन, समिती, शिक्षक आणि मागं पंकजा. माझ्या आयुष्यात मी देवाला फक्त बदलीसाठी साकडं घातलंय. त्या दिवशी कढीपत्त्यासाठी घातलं.

ते झाड तिनंच लावलेलं आहे, शेडच्या कोपऱ्याला. तांदळाच्या धुवणावर वाढलंय. आत तेल तापलं, मोहरी तडतडली. साळूबाई बाहेर आली, झाडाशी गेली, हात वर केला. साहेबांनी माझ्याकडं बघितलं.

तिनं हात मागं घेतला.

"आज न्हाई घेत गं बाई," ती झाडाला म्हणाली. खिडकी उघडी आहे, आम्ही ऐकतोय, हे तिच्या गावीही नव्हतं. "उद्या दुसरी कोन आली, तर तिला बी देत जा. नवी हाय ती. तिला इचारायचं ठावं नसंल. रागावू नको तिच्यावर."

माझ्या नोंदवहीत असलं काही नव्हतं. मला ते सुचलंच नसतं.

आत फोडणी करपल्याचा वास सुटला. तोवर मागून पंकजाचा आवाज आला, सकाळपासून पहिल्यांदा.

"तात्या, मी एक दिस बी आले न्हाई हितं."

"तू गप."

"न्हाई गप बसत. चूल कुटं हाय त्ये बी मला आज कळलं. माज्या नावानं कुनाच्या पोटावर पाय नका दिऊ." एवढं बोलून ती पदर सावरत आवारात उतरली आणि सरळ शेडमध्ये गेली. "मावशी, फोडनी करपली," ती म्हणाली, आणि तिनं कढई उतरवली.

तात्यांना एकाएकी शेतावरचं काम आठवलं. बोअर चालू राहिली होती म्हणे. आमच्याकडं जानेवारीत बोअर चालू राहायला आधी पाणी लागतं.

साहेबांनी चौकशी अहवालात लिहिलं, 'स्वयंपाकी महिला सर्व दिवस हजर.' मग माझी नोंदवही घेतली, लाल पेन काढलं आणि उद्यापासून एप्रिलअखेरपर्यंतच्या प्रत्येक पानावर तिरकी रेघ मारली. तीन पेनांची माझी मेहनत दोन मिनिटांत गेली.

"कारणे दाखवा नोटीस येईल तुम्हाला," ते म्हणाले. "हजेरीची वेगळी आणि याची वेगळी. आणि उद्यापासून या वहीत रोज एक नोंद. ज्या त्या दिवशी. मी कधीही येऊन बघेन."

म्हणजे सक्तीची साधना. प्रतिष्ठानच्या बाईंना हे कळलं असतं तर त्यांनी मला शेंगदाण्याचं पोतं पाठवलं असतं.

खिचडी त्या दिवशी जरा कडवट झाली होती आणि कढीपत्ता नव्हता. मी दोनदा मागून घेतली. दुसऱ्यांदा साळूबाईनं मला रांगेत मागं पाठवलं.

पोरं गेल्यावर मी आजची नोंद काढली. 'घेते गं बाई' खोडलं आणि ती जे बोलली ते लिहिलं, अक्षरशः. मग चौथा रकाना आला. तिथं 'वरीलप्रमाणे'ची खूण आधीच ओढलेली होती. तीही खोडली. त्या जागी लिहिलं, 'लाज वाटली.'

मग साळूबाईला हजेरीच्या सह्यांसाठी बोलावलं. सही तिला नातीनं शिकवली आहे. एकेक अक्षर सावकाश काढते. मध्येच ती थांबली. शेजारी नोंदवही उघडीच पडली होती.

"गुर्जी, त्यात माजं आनिक लिवलंय का वो?"

"एप्रिलपर्यंत आहे."

"म्हंजी एप्रिलपरयंत मी हाय हितं?"

"आहात."

तिनं एक पान उलटलं, लाल रेघेवरून बोट फिरवलं आणि घाबरून माझ्याकडं बघितलं. "मंग ह्या रेगा कशाच्या?"

"त्या माझ्यासाठी आहेत," मी म्हणालो. "तुम्ही सही करा."