एकोणीस सेकंदांचा टाका

साहेबांनी मला पाच मिनिटं दिली आणि ती त्यांना भोवली. याला माझा इलाज नाही.

दर शुक्रवारी दुपारी आमच्या ऑफिसात छोटी भाषणं होतात. एकाने उभं राहायचं, पाच मिनिटं बोलायचं, टायमर वाजला की गप बसायचं. विषय कुठलाही चालतो. वेबसाइट भरभर कशी उघडेल, टीममधली भांडणं कशी टाळायची, नाहीतर घरी हौसेने केलेला एखादा प्रोग्रॅम. त्या शुक्रवारी पाळी माझी होती. आणि सोमवारी पुटपुट्याला कामावरून काढायचं ठरलं होतं.

पुटपुट्या माझ्या शेजारच्या टेबलावर बसतो. कोड वाचताना ओठ हलवतो म्हणून हे नाव. त्याने केलेल्या एका बदलामुळे आमची वेबसाइट सहा तास बंद पडली आणि साहेबांनी सगळं खापर त्याच्या डोक्यावर फोडून हात झटकले. आता गंमत बघा. आमच्याकडे दोघांनी वाचून मंजूर केल्याशिवाय कुठलाही बदल वेबसाइटवर चढत नाही. हा साहेबांनी मंजूर केला होता. आणि मी.

घरी मी विणकामाचे नमुने काढणारा प्रोग्रॅम लिहिते. आई त्यावरून विणते, नावंही ठेवते. त्या आठवड्यात मी त्यात आमच्या टीमच्या वर्षभराच्या मंजुऱ्या घातल्या. कोणी बदल कधी उघडला, कधी मंजूर केला, सगळ्याची नोंद असतेच. एक मंजुरी, एक टाका. वाचायला वेळ दिला असेल तर पांढरा, मिनिटाच्या आत उरकलं असेल तर लाल. मला वाटलं होतं, लाल चार-दोन निघतील. मफलरचा नमुना जवळजवळ लालच निघाला.

"यात त्या बिचाऱ्याचा बदल कुठे आहे गं?" आईने विणता विणता विचारलं.

"हा. साहेबांचे अकरा सेकंद. त्याला लागून माझा. एकोणीस."

आईच्या सुया थांबल्या. "तुझा पांढऱ्याने घालू का? कोणाला कळतंय!"

मला राग आला. आईचा नाही, त्या 'कोणाला कळतंय'चा. आठवडाभर मी स्वतःला तेच तर सांगत होते.

"लालच घाल," मी म्हटलं.

भाषणाच्या स्लाइड आधी साहेबांकडून मंजूर करून घ्यायच्या, असा नियम आहे. गुरुवारी मी त्या पाठवल्या. वर नाव दिलं, 'टीमवर्क'. सात सेकंदांत उत्तर आलं. "छान दिसतंय."

शुक्रवारी पहिल्या रांगेत कंपनीच्या मोठ्या बाई बसल्या होत्या. पुटपुट्या अगदी मागे, दाराजवळ. मी टायमर लावला आणि नमुना दाखवला. दुसऱ्या स्लाइडवर मंजुऱ्यांची यादी आली, नावं आणि सेकंदांसकट. साहेब ताडकन उठले.

"हे काय चालवलंय? कोणी परवानगी दिली?"

"तुम्हीच, साहेब. सात सेकंदांत."

कोणीतरी फिसकन हसलं. साहेबांनी पुढे होऊन प्रोजेक्टर बंद केला. मी पिशवीतून मफलर काढला आणि टेबलावर लांबच लांब पसरला.

"आता हा बंद करून दाखवा."

मग मी पुटपुट्याने त्या बदलावर लिहिलेली ओळ म्हणून दाखवली. मला ती पाठ झाली होती. 'चौथ्या भागाची मला खात्री नाही. चढवण्याआधी कोणीतरी नीट बघा.' तेवढ्यात टायमर वाजला.

"वेळ संपला," साहेब म्हणाले.

माझ्यानंतर डिझायनरची पाळी होती. तो बसल्या जागेवरून म्हणाला, "माझी पाच मिनिटं हिला द्या."

मोठ्या बाईंनी साहेबांना विचारलं, "तुम्ही ही ओळ वाचली होती?" साहेब कामाच्या ताणाबद्दल बोलू लागले. बाई माझ्याकडे वळल्या. "आणि तुम्ही?"

"नाही वाचली. हा टाका माझा. एकोणीस सेकंद." आता मागे कोण सरतंय! "काढायचं तर तिघांना काढा. नाहीतर कोणालाच नको."

सोमवारी पुटपुट्या त्याच्या खुर्चीत होता. मला आणि साहेबांना लेखी समज मिळाली. माझी मी खणात टाकली. साहेब तेव्हापासून माझ्याशी बोलत नाहीत, माझंही काही अडलेलं नाही.

पुटपुट्याने आभार मानले नाहीत. का मानावेत? दुपारी त्याने एक नवा बदल माझ्याकडे मंजुरीला पाठवला. चाळीस ओळी. मी ओठ हलवत वाचल्या. पस्तीस मिनिटं लागली.

"अरे, तेविसाव्या ओळीत चूक आहे."

"माहितीये," तो स्क्रीनवरची नजर न काढता म्हणाला. "वाचतेस का ते बघायला ठेवली होती."