मागच्या बाकावरचे सर

सरांनी शेवटच्या बाकावरून हात वर केला. समोरच्या पडद्यावर तेच शिकवत होते आणि तेच चुकले होते.

पडद्यावरच्या सरांनी अर्थातच लक्ष दिलं नाही. ते अंतर्गोल आरशासमोरच्या मेणबत्तीचं गणित सोडवत होते आणि नाभीय अंतराच्या आधीचं वजा चिन्ह गिळून ऐटीत पुढे निघाले होते. चित्रीकरणाच्या दिवशी समोर मुलं नव्हती, नुसता कॅमेरा होता. त्याने काय चूक धरायची! सरांनी हात खाली घेतला आणि पाय हलवायला सुरुवात केली. शेजारचा मुलगा बघायला लागला तेव्हा पायही थांबवला.

क्लासने सगळे तास रेकॉर्ड केल्यापासून सरांना काम एवढंच उरलं होतं की मागे बसायचं आणि दंगा होऊ द्यायचा नाही. दंगा होतच नव्हता. पडद्यावरच्या सरांचा वचक होता. नोकरीच्या ओळखीपाळखी जुळवणाऱ्या साइटवर क्लासने त्यांचं खातं उघडलं होतं. तिथे हजारो लोक त्यांना फॉलो करत, आणि दोन कंपन्यांनी तर मुलाखतीलाही बोलावलं होतं. सरांनी स्वतःच्या खात्यावरून पडद्यावरच्या सरांना ओळखीची विनंती पाठवली होती. ती अजून तशीच पडून होती.

"तो तुझ्यापेक्षा बरा बोलतो रे," परवाच ताई म्हणाली होती. "तू तर घरात मीठ मागतानासुद्धा अं अं करतोस."

"अगं ताई, तो मीच आहे."

"असशील. पण तो जरा जास्त आहे."

उरलंसुरलं काम छतावरच्या नव्या कॅमेऱ्याने संपवलं. फळ्याकडे रोखलेला तो कॅमेरा चेहरा ओळखून शिक्षकांची हजेरी संचालक मॅडमच्या फोनवर पाठवायचा. व्हिडिओ सुरू झाला की पडद्यावरचे सर बघून तो सरांची हजेरी लावून मोकळा व्हायचा. मागच्या अंधारातले सर त्याला कधी दिसलेच नव्हते. मध्यंतरी दाढ काढायला सर दिवसभर दवाखान्यात होते, तरी हजर होते. ही गंमत मॅडमच्या कानावर गेली आणि आज सकाळी मेसेज आला, "तास संपला की भेटा. पुढच्या महिन्यापासून तुमची गरज आहे का, ते बघू."

सरांचा पाय पुन्हा हलू लागला.

पडद्यावरचे सर फळ्याकडून मुलांकडे वळले. "कुणाला काही शंका?"

आणि गप्प उभे राहिले. ही शांतता सरांनी भांडून ठेवून घेतली होती. "सर, इथे काहीच घडत नाहीये, कापून टाकतो," एडिटर म्हणाला होता. "राहू दे रे," सर म्हणाले होते, "घडलं तर तिथेच घडेल." तेव्हापासून रोज त्या शांततेत मुलं आपापले फोन बघून घेत.

तिसऱ्या बाकावरच्या चष्मेवालीने मात्र आज मान वळवली. पडद्याकडे नाही, मागे.

"सर, मेणबत्ती आरशापासून एवढी लांब ठेवलीय. मग तिची प्रतिमा आरशाच्या मागे कशी जाईल हो?"

सरांनी तोंड उघडलं. "अं..."

"कुणालाच नाही? छान!" पडद्यावरचे सर म्हणाले. "पुढे जाऊ."

"ए, थांबव ना त्यांना," चष्मेवाली रिमोटवाल्या मुलावर खेकसली. "सर बोलतायत."

त्याने बटण दाबलं. पडद्यावरचे सर तोंड अर्धवट उघडं ठेवून थिजले. मीठ मागायच्या बेतात असावेत तसे दिसत होते.

सर उठले. पडद्याशेजारच्या फळ्यापर्यंत जाईस्तोवर त्यांना आपले हात कुठे ठेवावेत ते कळेना. खडू हातात आला तेव्हा बरं वाटलं.

"इथे वजा पाहिजे. त्याने... म्हणजे मीच... अं... खाल्लंय."

"पोट दुखेल, सर," कुणीतरी म्हणालं. वर्ग हसला. सरही हसले आणि खडूचा हात शर्टाला पुसला. मेणबत्ती, आरसा, किरण, सगळं पहिल्यापासून काढायला घेतलं.

तेवढ्यात दार उघडून मॅडम आत आल्या आणि त्यांच्या हातातला फोन वाजला. त्यांनी तो डोळ्यांजवळ धरला. एकाच व्यक्तीचे दोन चेहरे आढळले, एक निवडा, असं त्यावर आलं होतं.

मॅडमनी पडद्याकडे पाहिलं. मग खडूने माखलेल्या शर्टाकडे पाहिलं. फोन पुन्हा वाजला. सरांचा खडू फळ्यावर थांबला.

"मॅडम," चष्मेवाली मान उंचावत म्हणाली, "जरा बसता का? फळा दिसत नाहीये."

मॅडमनी वर्गभर नजर फिरवली. रिकामी जागा एकच होती, शेवटच्या बाकावर. हातातला वाजता फोन घेऊन त्या तिकडे निघाल्या.