फुंकरीवर पळणारी गाडी

शर्यतीच्या ट्रॅकवरच्या फलकावर फेरीच्या वेळेचा आकडा झळकला तशी अख्खी गॅलरी उठून उभी राहिली. सकाळपासून रखडत फिरणारी तीच गाडी, तोच चालक, तेच टायर. मध्ये झालं होतं ते एवढंच की पांढऱ्या अंगरख्यातला एक गुबगुबीत इसम गॅरेजात गेला होता, गॅरेजचा पडदा ओढला गेला होता आणि आतून मोठमोठ्याने मंत्र ऐकू आले होते. शेवटी त्याने म्हणे गाडीच्या नाकावर फुंकर मारली. पडदा उघडला, गाडी बाहेर पडली आणि सुसाट सुटली.

हा इसम म्हणजे फुंकरबाबा. शर्यतींचा हंगाम सुरू होण्याआधी सगळे संघ आपापल्या नव्या गाड्या घेऊन या ट्रॅकवर काही दिवस चाचणीला येतात. यंदा एका संघाच्या मालकाने गाडीबरोबर हे ध्यानही आणलं होतं. तोंडाला अक्षरशः कुलूप नाही. वेग इंजिनात नसतो, श्वासात असतो. इंजिन झोपलेलं असतं, मी फक्त हाक मारतो. शास्त्रज्ञ थकून बसले की माझं काम सुरू होतं. असलं काहीबाही तो डोळे अर्धवट मिटून बोलायचा आणि समोर माईक धरलेले पत्रकार ते निमूट लिहून घ्यायचे. मग तो गॅलरीखाली खुर्ची टाकून बसायचा आणि लोकांच्या पाण्याच्या बाटल्यांत फुंकर मारून द्यायचा. गुडघे, दमा, मधुमेह, सगळ्यांवर तोच एक श्वास. रांगेत चांगले शिकलेसवरलेले लोक होते, हे सांगताना जीभ जड होते, पण होते.

त्याच रांगेतून गाडीच्या चालकाची आई बाटली घेऊन आली होती.

आईला कित्येक वर्षांपासून मधुमेह. रोज पोटात इन्सुलिनची सुई टोचून घ्यावी लागायची आणि ते काम तिची थोरली लेक करायची. थोरली शाळेत विज्ञान शिकवायची. धाकट्या भावाच्या, म्हणजे त्या चालकाच्या, चाचणीचे कौटुंबिक पास आले म्हणून रजा टाकून ती आईला घेऊन आली होती आणि आता पस्तावत होती. कारण पहिल्याच दिवशी बाबाने आईला सांगितलं होतं की सुई टोचली की अंगाला भोक पडतं आणि त्या भोकातून फुंकर गळून जाते. झालं. तेव्हापासून आई सुई जवळ येऊ देत नव्हती.

थोरलीने समजावलं, रागावली, शेवटी रडली. आईने तिला शेजारी बसवून घेतलं.

“हे बघ, माणसाचं मी समजू शकते. बरं वाटेल म्हटलं की थोडं बरं वाटतं. तूच शिकवतेस ना ते? पण लोखंडाला काय वाटतं गं? लोखंडाची का श्रद्धा असते? तरी ते पळालंच ना तुझ्या डोळ्यांसमोर?”

थोरलीला उत्तर सुचेना. आई अडाणी नव्हती, उलट तिचा मुद्दा बिनतोड होता. बाबा खोटा आहे हे थोरलीला ठाम ठाऊक होतं, पण गाडी खरंच पळाली होती. आणि आईचे ओठ कोरडे पडले होते, ती सारखी ती बाटली तोंडाला लावत होती, बोलता बोलता तिचे डोळे मिटत होते. साखर चढत चालल्याची ही लक्षणं थोरलीला ओळखू येत होती.

मग तिने एक केलं. फलकाकडे बघणं सोडलं आणि गाडीकडे बघायला लागली.

फुंकरीआधी गाडी फेऱ्यांमागून फेऱ्या मारायची, थांबायचं नाव नाही. फुंकरीनंतर दोन-चार फेऱ्या झाल्या की लगेच आत. फुंकरीआधी समोरच्या उंचवट्यावर गाडीचं पोट घासून ठिणग्या उडायच्या. नंतर एकही नाही. बाबाचा श्वास काय गाडीचं पोट वर उचलून धरत होता? आणि दोन-चार फेऱ्यांत तो संपत कसा होता? मंत्रांची लांबीही रोज वेगळी. परवा लवकर आटोपले, आज बाबा घसा बसेस्तोवर ओरडत होता. त्या ओरडण्याखाली काहीतरी घरघरत होतं, पण गॅलरीतून नीट कळत नव्हतं.

जेवणाच्या सुट्टीत तिने धाकट्याला टायरांच्या चळतीमागे गाठलं आणि सरळ विचारलं, गाडी एकदम हलकी कशी होते, पडद्यामागे तिच्यातून काय काढता?

धाकटा हसायला लागला. म्हणाला, ताई, तुला कोण फसवणार. इंधन काढतात, दुसरं काय. चाचणीत कुठलाच संघ आपला खरा वेग दाखवत नाही. टाकी काठोकाठ भरायची, जड गाडी फिरवायची, म्हणजे शेजारच्या गॅरेजवाल्यांना अंदाज येत नाही. मधूनच एकदा टाकीत दोन-चार फेऱ्यांपुरतंच ठेवून स्वतःपुरतं तपासून घ्यायचं. तेव्हा पत्रकार विचारून भंडावून सोडायचे, आता किती इंधन होतं, मघाशी किती होतं. मालकाने बाबाला आणून बसवलं आणि सगळे फुंकरीचं विचारायला लागले. पंपाचा आवाजही झाकला जातो. आम्ही आत हसून हसून लोळतो.

“आईने सुई सोडली आहे,” थोरली म्हणाली. “तुझी गाडी पळाली म्हणून.”

धाकट्याचं हसू जागच्या जागी विरलं. तिने त्याला सगळं सांगितलं, भोक पडण्यापासून ते मिटणाऱ्या डोळ्यांपर्यंत. त्याने हातातले हातमोजे चुरगाळले. मग पुटपुटला की इंधनाबद्दल बाहेर अवाक्षर काढायचं नाही असा करार आहे, बोललो तर गाडीवरून हाकलतील. लहानपणापासून याच एका गाडीसाठी झिजलोय.

“मला ठाऊक आहे,” ती म्हणाली. “पण आईला मी सांगून पटणार नाही. तिने तुझी गाडी बघितली आहे.”

दुपारी गाडी भरल्या टाकीने बाहेर पडली आणि एकच फेरी मारून परत आली. गॅरेजात शिरली मात्र नाही. धाकट्याने ती उघड्यावर, गॅलरीच्या पुढ्यात उभी केली, शिरस्त्राण काढलं आणि बाबांनी इथेच, सगळ्यांच्या देखत फुंकर मारावी, अशी विनंती केली. मालकाचा चेहरा उतरला. पण कॅमेरे रोखलेले, गॅलरी टाळ्या पिटतेय, नाही कोण म्हणणार? बाबा आला. एकांत हवा, पडदा हवा, असं काहीतरी बडबडला, आणि शेवटी गाल फुगवून फुंकर मारून मोकळा झाला.

गाडी निघाली. उंचवट्यावर ठिणग्या उडाल्या. फलकावर आला तो सकाळचाच रडका आकडा.

गॅलरीत कुजबुज सुरू झाली. बाबा मात्र मुरलेला होता. चालकाच्या मनात शंका शिरली, मी काय करू, असं म्हणत त्याने दोन्ही हात वर केले. आणि आईने तेही गिळलं. गाडी आत आली तसं तिने कठड्यावरून धाकट्याला सुनावलं, की तू मुद्दाम हळू चालवलीस, मला शिकवू नकोस.

बाबा बाहेर गर्दीला शंकेचे दुष्परिणाम समजावत बसला. आत मेकॅनिकांनी ठरल्या वेळापत्रकाप्रमाणे पडदा ओढला, कारण पुढच्या फेऱ्या हलक्या गाडीने मारायच्याच होत्या. धाकटा बाहेर आला, आईचा हात धरून तिला गॅरेजकडे चालवायला लागला. थोरलीने दुसरा हात धरला. मालक आडवा आला. कुटुंबालासुद्धा पडद्याआड मनाई आहे, हे तुला माहीत आहे, असं दातओठ खात म्हणाला.

“माहीत आहे,” धाकटा म्हणाला आणि आईला आत घेऊन गेला.

आत पंप घरघरत होता. गाडीतून निघालेली जाड नळी एका पिंपात सोडली होती आणि पिंप भरत होतं. आई बघत राहिली. धाकट्याने तिला हळूच सांगितलं की एवढं ओझं पाठीवर घेऊन मी मघाशी पळत होतो, आणि बाबा ओरडतात ते हा आवाज ऐकू जाऊ नये म्हणून. मग तो गाडीत बसला. फुंकर नाही, मंत्र नाही. बाबा तर बाहेर घसा ओला करत होता.

पडदा उघडला, गाडी गेली. ठिणगी उडाली नाही. फलकावर आधीच्या सगळ्या आकड्यांहून चांगला आकडा आला.

 आईने लेकीकडे बघितलं.

“तो बाबा मला मरू देणार होता गं,” ती म्हणाली. “हसत हसत.”

थोरलीने तिथेच एका टायरावर बसवून तिला सुई टोचली आणि ट्रॅकवरच्या डॉक्टरला बोलावलं. डॉक्टरने रक्त तपासलं आणि ताबडतोब रुग्णवाहिका मागवली. स्ट्रेचरवरून जाताना आईने गर्दीपाशी थांबवायला लावलं. अंगात त्राण नव्हतं, तरी आवाज असा लावला की रांगेतल्या शेवटच्या माणसापर्यंत गेला. पेट्रोल काढतात, बाबांनो, पेट्रोल. फुंकर बिंकर काही नाही. घरी जा आणि आपापली औषधं घ्या.

संध्याकाळी धाकटा दवाखान्यात आला. अंगावर संघाचा कोट नव्हता. आईची साखर उतरायला लागली होती, पण डॉक्टरांनी बजावून सांगितलं होतं की आणखी एक दिवस गेला असता तर हाती काही उरलं नसतं. आईने त्याला जवळ बोलावलं आणि गाडीवरून काढलं का, एवढंच विचारलं. त्याने मान डोलावली. ती त्याच्या हातावर हात ठेवून पडून राहिली, आणि मग मात्र तो हमसाहमशी रडला.

फुंकरबाबा त्याच दुपारी पसार झाला. दुसऱ्या कुठल्या तरी गावात, दुसऱ्या कुठल्या तरी पडद्यापुढे खुर्ची टाकून बसला असेल. उद्या तो तुमच्याही गल्लीत येईल. कदाचित तुमच्यासमोर खरंच काहीतरी घडवूनही दाखवेल, आणि त्या क्षणी तुम्हाला उत्तर सुचणार नाही. न सुचू दे. थोरलीलाही सुचलं नव्हतं. उत्तर सुचत नाही याचा अर्थ चमत्कार झाला असा होत नाही, उत्तर अजून शोधायचं आहे, एवढाच होतो. तेव्हा पडदा बाजूला करायला सांगा, आत काय चाललंय ते स्वतः जाऊन बघा. आणि तोवर कुणाच्याही सांगण्यावरून आपल्या माणसाचं औषध बंद करू नका.