टीचभर जागा

कापसाच्या भावाने त्या साली अख्ख्या वऱ्हाडाचं डोकं फिरवलं होतं. लढाई पेटली तिकडे अमेरिकेत आणि गाडी मिळेनाशी झाली इथे अमरावतीत. ज्याच्याकडे दोन चाकं आणि दोन बैल, तो कापूस लादून मुंबईच्या वाटेला लागलेला. खुशालरावांच्या मागांवरच्या सतरंज्या अकोल्याच्या बाजाराला न्यायला घरची एकच गाडी उरली. तीही अर्धीमुर्धी भरून जायची आणि मोकळी परत यायची. सगळा नफा वाटेतच सांडत होता.

तोड काढली ती त्यांच्या बायकोने, गोदाबाईने. पुढे खुशालराव ती आपलीच म्हणून चारचौघांत सांगत, ते सोडा.

"शेषरावाचे दोर, रामरावाची हळद, आपल्या सतरंज्या, समदं एकाच गाडीत घाला," ती म्हणाली. "भाडं वाटून घ्या. अन् येतानी लोकायचं मीठ भरून आना." मग गाडीवान पुंजारामला तिने बजावलं, "टीचभर बी जागा रिकामी नोको ठेवू. जातानी नाई, येतानी बी नाई."

खर्च निम्म्यावर आला. लोक गोदाबाईच्या डोक्याची तारीफ करू लागले. तिलाही बरं वाटलं, का वाटू नये?

वैशाखात आखाजी आली. आखाजीला लेकी माहेरी येतात. गोदाबाईची एकुलती शकुन मूर्तिजापूरला दिलेली. दरसाल अकोल्याहून परतणाऱ्या मोकळ्या गाडीत गवत अंथरून पुंजाराम तिला घेऊन येई. दुसऱ्या कुणाबरोबर सासरचे पाठवत नसत. गोदाबाईने पुरणाचे मांडे केले, कडुनिंबाला झोका बांधला. बैलांची घुंगरं वाजली तशी हात पुसत दारात आली.

गाडीत काठोकाठ मिठाची पोती होती.

"शकुन कुठी हाय?"

पुंजारामने मुंडासं काढून हातात घेतलं. "सडकेवर उभी होती माय, बोचकं घेऊन. म्या मनलं, बाई, कुठी बसवू तुले? समदा दुसऱ्याचा माल. कोनाचं पोतं सडकेवर उतरवू? तुमीच त मनलं होतं, टीचभर बी जागा नोको ठेवू."

"मंग काय मनली ते?"

"बैलाच्या पाठीवरून हात फिरवला. वळनापर्यंत दिसत होती."

ओरडायला तोंड कुठे होतं? दरसालची गोष्ट मुद्दाम काय सांगायची, असं धरून ती चालली होती. मांडे शेजारच्या पोरींनी खाल्ले. झोका मात्र तिने कुणाला सोडू दिला नाही. वाऱ्याने तो हलला की तिला लेकीची इतकी आठवण यायची की हातातलं काम हातातच राहायचं.

पुढच्या खेपेला तिने गाडीत मागच्या बाजूला माणूस बसेल एवढी जागा मोकळी ठेवली आणि गवत अंथरलं.

"इथी माहं अजून एक पोतं बसते," रामराव म्हणाले.

"थे जागा माही हाय. माह्या वाट्याले भाडं लावा."

गाडी परतली तेव्हा गवत दबलंही नव्हतं. पुंजारामने ती जागा वाटेत कुणाला दिली नव्हती. सासरचा निरोप होता, आखाजी होऊन गेली, आता वावरातली कामं निघाली, पुढच्या साली पाहू. गोदाबाईने निरोप ऐकला आणि गवत तसंच राहू दिलं.

त्यानंतरच्या खेपेला सतरंज्या लादून झाल्या, दोर आवळले, आणि गोदाबाई स्वतःच त्या गवतावर चढून बसली. मांडीवर पाण्याने भरलेला तांब्या. लेकीला मूल होईपर्यंत तिच्या घरचं पाणी आईला चालत नाही.

"तू कुठी चालली, शकुनची माय?" खुशालरावांनी विचारलं.

"मूर्तिजापूरपर्यंत. तिथी सडकेच्या हौदावर गाडी थांबते. तिले निरोप धाडला हाय." तिने पदर डोक्यावरून घेतला. "बैल पानी पेतीन, तेवढ्यात पाहून घेतो तिले."